नाताळला घरी येणाऱ्यांना येशूबद्दल सांगायचं का, आणि सांगायचं तर कसं?

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्या ताई पुण्यात आयटीत नोकरी करतात, ख्रिस्ती घरातल्या आहेत. दरवर्षी २५ डिसेंबरला संध्याकाळी ऑफिसातले आणि सोसायटीतले लोक त्यांच्याकडे येतात, केक खातात, झाडासमोर फोटो काढतात, "मेरी ख्रिसमस" म्हणून जातात, आणि रात्री भांडी आवरताना ताईंना वाटतं की ज्याच्या जन्माचा हा सण त्याचं नाव आज आपल्या घरात एकदाही निघालं नाही. सांगावंसं वाटतं, पण धर्मांतराची एवढी चर्चा चालू असताना कुणी म्हणालं की केक खायला बोलावून प्रचार केला, तर?

सलाम ताई. मी नगरकडचा, आमच्या चर्चच्या मंडळीत बरीच वर्षं रविवारची शाळा, कॅरोल पार्टी आणि नाताळचं कीर्तन ही कामं माझ्याकडे आहेत, त्यामुळे अख्खा डिसेंबर ख्रिस्ती नसलेल्या माणसांच्या अंगणात, ओट्यावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून बोलण्यात जातो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

सांगा. नक्की सांगा. पण एक गोष्ट मनात पक्की करून सांगा, की नाताळात आपल्याकडून लपवालपवी दोन बाजूंनी होते आणि दोन्ही वाईट. एक म्हणजे सांता, झाड, केक, लाइटिंग यांच्या मागे येशूला लपवणं, कारण विषय निघाला तर अवघडल्यासारखं होईल. दुसरी म्हणजे मनात हेतू ठेवून तो लपवणं, म्हणजे "या हो जेवायला" म्हणायचं आणि पाहुणे बसले की पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या पास्टरना, उठवून अर्ध्या तासाचं प्रवचन द्यायला लावायचं. पहिलीत आपण आपल्याच घरात परके होतो आणि दुसरीत पाहुण्याचा विश्वासघात होतो. हे दोन्ही टाळलं की राहिलेलं काम अवघड नाही, खरंच नाही, कारण आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला दुसऱ्याच्या सणाची गोष्ट ऐकायला आवडते, आपणच सांगत नाही.

म्हणून बोलावतानाच सरळ बोला. "२५ ला संध्याकाळी सातला घरी या, फराळ आहे, आणि आमच्याकडे जेवणाआधी येशूच्या जन्माचा छोटा उतारा वाचतात आणि एक गाणं म्हणतात, पाच-सात मिनिटांचं असतं, तुम्ही असलात तर आनंदच आहे, नाहीतर साडेसातला या, चालेल." एवढा एक मेसेज. ज्याला नको असेल तो साडेसातला येईल, त्याचा मान राहिला, तुमचाही राहिला. माझा अनुभव असा की जवळजवळ सगळे सातलाच येतात.

हो, आणि फराळ म्हणतोय ते मुद्दाम. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे होतातच, वसई-गोव्याकडे नेवऱ्या, कलकल, दोदोल असतं, पण हल्ली शहरात सगळं बेकरीच्या प्लम केकवर उरकतात. केक ठेवा ना, पण करंजीही ठेवा. दिवाळीत शेजारच्या काकूंनी ताट पाठवलेलं असतं, त्याच ताटात तुमची करंजी गेली की समोरच्याच्या मनातलं "हा इंग्रजांचा सण" निम्मं तिथेच गळून पडतं. ही गोष्ट भाषणाने होत नाही.

दुसरं म्हणजे गव्हाणीचा देखावा. आपल्या प्रोटेस्टंट घरांत चांदणी लावतात, झाड लावतात, देखावा कमी दिसतो, वसईच्या कॅथलिक गावांत मात्र पोरं रात्र-रात्र जागून गवत, माती, शेणाने सारवलेला गोठा, विहीर, सगळं उभं करतात. इटलीतल्या ग्रेच्चो गावात १२२३ साली संत फ्रान्सिसने खरी गव्हाण, खरा बैल आणि गाढव आणून जन्माचा प्रसंग उभा केला तो एवढ्यासाठीच, की ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो डोळ्यांनी दिसावा. तुम्ही बुटक्या टेबलावर छोटा गोठा मांडा, झाडाच्या मागे कोपऱ्यात नको, पुढे, लहान मुलांच्या नजरेला येईल असा. गणपतीला घरोघरी मखर करणारी माणसं आहेत ही, देखावा दिसला की थांबतातच, वाकून बघतात आणि विचारतात, "हे तिघं राजे का?", "हे बाळ गवतात का ठेवलंय?" आणि विचारलं की मग सांगायचं. येशूचा शिष्य पेत्र याने बायबलमधल्या आपल्या पत्रात हेच म्हटलंय ना, तुमच्यातल्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने द्या. विचारणारा असावा लागतो आणि उत्तर तयार असावं लागतं. आपल्याकडे बरेचदा विचारणारा असतो आणि उत्तर तयार नसतं.

तेव्हा उत्तर तयार करा. दोन मिनिटांची गोष्ट, तोंडपाठ नाही पण सराव केलेली. मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातून सांगतो, साधारण अशी: रोमचा बादशहा औगुस्त याने शिरगणती काढली, प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचं. योसेफ नावाचा सुतार नासरेथहून बेथलेहेमला निघाला, बरोबर मरीया, दिवस भरत आलेले, अंतर आपल्या पुणे-नगरएवढं, त्या काळी काही दिवसांचा प्रवास. तिथे पोचले तर उतारशाळेत जागा नाही. तिथेच ती बाळंत झाली, बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. त्याच रात्री रानात मेंढपाळ कळप राखत होते, त्यांना देवदूताने सांगितलं भिऊ नका, तुमच्यासाठी तारणारा जन्माला आलाय, खूण काय तर बाळ गव्हाणीत सापडेल. ते धावत गेले, बघितलं आणि भेटेल त्याला सांगत सुटले. एवढं सांगून एकच वाक्य आपलं जोडायचं, "आमचा विश्वास असा की देव आमच्यासाठी एवढा खाली आला, म्हणून आम्ही हा दिवस साजरा करतो." बस. इथे थांबायचं. समोरच्याला पुढे विचारायचं असेल तर तो विचारेल, नसेल तर करंजी घेईल, दोन्ही ठीक आहे. तुम्ही थांबलात म्हणूनच तो पुढच्या वर्षी परत विचारेल.

या गोष्टीतली कुठली जागा कुणाला लागेल ते आपल्याला आधी कळत नाही. मी कीर्तनात मेंढपाळांपाशी जरा जास्त थांबतो, कारण आमच्याकडे पावसाळ्यानंतर धनगर कळप घेऊन उतरतात, शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात, आणि डिसेंबरच्या थंडीत ती माणसं उघड्यावर असतात, जाळीच्या कुंपणाभोवती रात्रभर कुणीतरी जागं राहतं लांडग्याच्या भीतीने. चर्चसमोरच्या पटांगणात कीर्तन चालू असतं, पेटी-तबला-झांजेचा आवाज ऐकून तीही येतात, मागे घोंगडी पांघरून उभी राहतात. एका वर्षी मी विचारलं की आज रात्री तुमच्या कळपावर कोण जागं आहे, तर मागून दोन-तीन नावं आली, आणि मग मी सांगितलं की तारणारा जन्मल्याची पहिली बातमी राजवाड्यात गेली नाही, मंदिरातल्या मोठ्या याजकांकडे गेली नाही, रानात जागणाऱ्यांकडे गेली. कीर्तन संपल्यावर एक म्हातारे बाबा पुढे आले आणि म्हणाले, "म्हंजी पैला सांगावा आमच्याच मान्साला आला व्हय." मी हो म्हणालो. ते बाबा ख्रिस्ती झाले नाहीत, कुणी त्यांना व्हा म्हटलंही नाही, पण कळप त्या बाजूला असला की ते कीर्तनाला येतात आणि तो भाग आला की शेजारच्याला कोपराने ढोसतात. मला यात पूर्ण समाधान आहे. गोष्ट ज्याची होती त्याला ती मिळाली.

कीर्तनाचं नाव काढलं म्हणून सांगतो, काहींना वाटतं की हे काहीतरी नवीन डोकं चालवलेलं आहे. अजिबात नाही. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. म्हणजे येशूची गोष्ट मराठी छंदात सांगायला लागून चारशे वर्षं होऊन गेली. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या काळात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं, कृष्णराव सांगळे, रेव्हरंड टिळक यांनी ते रंगवलं. नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तेव्हा पेटी-टाळ, अभंग, ओवी हे सगळं आपलंच आहे, ते नाताळला बाहेर काढा. घरच्या उपासनेत इंग्रजी कॅरोल लॅपटॉपवर लावण्यापेक्षा 'उपासना संगीत'मधलं एखादं जन्माचं गीत सगळ्यांनी मिळून म्हणा, शेजाऱ्याला शब्द कळतील, दुसऱ्या कडव्याला तो टाळी धरेल.

आता लोक विचारतात काय आणि उत्तर काय द्यायचं त्याबद्दल. सांता तुमचा देव का, हा तर मुलांचा ठरलेला प्रश्न. सांगायचं की नाही, चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावात, आताच्या तुर्कस्तानात, निकोलस नावाचे बिशप होते, गरिबांना गुपचूप मदत करायचे अशी त्यांची ख्याती, त्यांच्यावरून पुढे हे लाल कपड्यातले आजोबा आले. २५ डिसेंबरलाच जन्म झाला कशावरून, हे ऑफिसातला कुणीतरी हुशार विचारणारच, तेव्हा बचाव करत बसू नका, खरं ते सांगा, बायबलमध्ये तारीख दिलेलीच नाही, रोममध्ये ३३६ च्या सुमारास हा दिवस पाळत असल्याची नोंद मिळते. तीन राजे का? बायबलमध्ये मत्तयाने पूर्वेकडचे ज्ञानी लोक म्हटलंय, किती होते ते सांगितलं नाही, भेटी तीन म्हणून लोकांनी तीन धरले. अशी तीन-चार प्रामाणिक उत्तरं दिली की माणसाला कळतं की हा आपल्याला काही विकत नाहीये, आणि मग तो मनातला खरा प्रश्न विचारतो.

खरा प्रश्न बहुतेक वेळा असा येतो, "शेवटी सगळे देव एकच ना हो?" किंवा "आमच्याकडेही अवतार आहेतच की." इथे आपली तरुण मुलं चुकतात, ताई, ती लगेच वादाला बसतात. हे वाक्य बहुतेक वेळा प्रेमाने म्हटलेलं असतं, तुमचं-आमचं जमतंय असं सांगायचं असतं त्या माणसाला. तेव्हा आधी ते प्रेम घ्या. मग, विचारलंच असेल तर, आपलं काय आहे ते आपल्या शब्दांत सांगा, की आम्ही असं मानतो की देव एकदाच माणूस होऊन आला, गव्हाणीत सुरुवात आणि वधस्तंभावर शेवट, आणि तिसऱ्या दिवशी उठला, आणि हे त्याने माझ्या पापासाठी केलं. "मी मानतो" असं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. पण समोरच्याच्या देवाबद्दल, मूर्तीबद्दल, पूजेबद्दल एक वाकडा शब्द नको, तुलनाही नको, ते माझ्या मते पापच आहे, कारण त्या घरातल्या आजीने त्या देवापुढे आयुष्यभर रडून घेतलेलं असतं. आणि उलट बाजूने, वाद नको म्हणून "हो हो सगळं सारखंच" असंही म्हणू नका. तुम्हाला तसं वाटत नसेल तर ते खोटं आहे आणि समोरच्याला खोटं कळतं.

गोष्टीतला कठीण भागही गाळू नका. हेरोद राजाने बेथलेहेममधले दोन वर्षांच्या आतले मुलगे मारले, आणि योसेफ-मरीयेला बाळ घेऊन रातोरात मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळावं लागलं, हा पण नाताळच आहे. वर्षभर ज्यांच्या घरात दुखणं, मरण, नोकरी जाणं, कोर्टकचेरी चाललेली असते त्यांना चमचमत्या नाताळाचा उलट त्रास होतो. आमच्या शेजारच्या एक बाई, त्यांचे यजमान त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास गेले होते, २५ ला गर्दीत आल्या नाहीत, २६ ला दुपारी एकट्याच आल्या. माझी बायको त्यांच्याजवळ बसली, चहा झाला, बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की काल तुमच्याकडे गाणी चालली होती आणि मला घरात बसवत नव्हतं. बायकोने मरीयेबद्दल सांगितलं, की त्या बाळंतिणीलाही पुढे मुलाचं मरण डोळ्यांनी बघावं लागलं, आणि देवाने हे सगळं बाहेरून नाही बघितलं, तो त्यात आला. आणि विचारलं, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का. चालेल म्हणाल्या. दोन वाक्यांची प्रार्थना झाली. माझं ठाम मत आहे की नाताळातलं खरं काम २६ तारखेच्या दुपारी होतं, गर्दी ओसरल्यावर, आणि त्यासाठी आपण घरी असावं लागतं, लोणावळ्याला नाही.

प्रार्थना करायची तर नेहमी विचारून. नाही म्हटलं तर विषय तिथेच बंद, चेहरा न पाडता. आणि बरं करण्याची हमी कधीही, कधीही देऊ नका. "प्रार्थना केली की शुगर जाते, गोळी बंद करा" असलं बोलणारे आपल्यात आहेत, त्यांच्यामुळे माणसं जिवाला मुकतात आणि येशूचं नाव खराब होतं. औषध डॉक्टर सांगेल तसंच घ्यायचं, प्रार्थना त्याच्या बरोबर.

कायद्याची भीती वाटते म्हणालात, तर नीट समजून घ्या म्हणजे भीती जागेवर राहील. घटनेचं कलम २५ प्रत्येकाला धर्म मानायचं, आचरायचं आणि त्याचा प्रसार करायचं स्वातंत्र्य देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. बऱ्याच राज्यांत जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांविरुद्ध वेगळे कायदे आहेत, ओडिशाचा तर १९६७ चा. आमिषाची व्याख्या काही ठिकाणी फार रुंद आहे, त्यामुळे तुमच्या राज्यात आज काय लागू आहे ते ओळखीच्या वकिलाला एकदा विचारून घ्या, विशेषतः मंडळीतर्फे काही कार्यक्रम करणार असाल तर. पण मला विचाराल तर कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं की आमिष नको. ब्लँकेट वाटताय, वाटा, थंडी आहे, लोक कुडकुडतात, पण ब्लँकेटच्या घडीत धर्माची माहितीपत्रिका नको आणि रांगेत उभं करून गाणं म्हणायला लावणं नको. ज्याला ब्लँकेट हवंय तो नाही म्हणू शकत नाही, आणि जो नाही म्हणू शकत नाही त्याला सुवार्ता, म्हणजे येशूची आनंदाची बातमी, सांगणं हा सुवार्तेचा अपमान आहे. येशूने पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा कुणाचं नाव लिहून घेतलं नव्हतं.

हीच कसोटी ऑफिसात लावा. तुम्ही टीम लीड असाल तर हाताखालच्या मुलामुलींना तुम्ही होऊन चर्चला बोलावू नका, अप्रेझल तुमच्या हातात आहे, ते "नको" म्हणायला घाबरतील. बरोबरीच्यांना खुशाल बोलवा. शिक्षक, नर्स, डॉक्टर असाल तर आणखी जपून. आणि लहान मुलं, त्यांच्या बाबतीत तर आईबापांच्या कानावर घातल्याशिवाय काहीच नको, गोष्टीचं पुस्तक द्यायचं तरी आईला दाखवून. हा प्रश्न आजचा नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. तिथे कुणाच्या धर्मात हात घालणार नाही असं ठरलं होतं. बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थनेला बसत, दार उघडं असे, मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये पुण्यात एवढं वादळ उठलं की रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या सचोटीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या बायकापोरींसाठी जे केलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण पालकांचा विश्वास एकदा हलला की चांगल्या माणसाचं चांगलं कामही कसं अडतं ते यावरून कळतं.

चर्चला कुणाला न्यायचं असेल तर २५ ची सकाळची मोठी उपासना नको, त्या दिवशी उभं राहायला जागा नसते, वेळ लांबते, नवीन माणूस कंटाळतो. त्याआधीच्या आठवड्यातलं संध्याकाळचं कॅरोल किंवा रविवारच्या शाळेच्या मुलांचं नाटुकलं बरं, मुलं डायलॉग विसरतात, मेंढराचं काम करणारं पोरगं रडतं, सगळे हसतात, वातावरण मोकळं असतं. काय काय होणार ते आधी सांगून ठेवा, कधी उभं राहायचं, दानाची थैली फिरते तेव्हा टाकलंच पाहिजे असं नाही, प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असला तर पाहुण्यांनी जागेवर बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. पहिल्या बाकावर बसवू नका, मधे बसवा, म्हणजे पुढचे उठले की त्यांना कळतं. आणि कृपा करून स्टेजवरून "आज आपल्यात अमुक अमुक हिंदू बंधू आलेत" अशी घोषणा करू देऊ नका, पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवा. फोटोचंही तसंच. प्रार्थनेत हात जोडलेल्या पाहुण्याचा फोटो मंडळीच्या ग्रुपवर किंवा इन्स्टावर टाकणं हा त्याचा घात आहे, त्याच्या घरी, गावी तो फोटो कसा वाचला जाईल ते तुम्हाला माहीत नसतं.

सोसायटीत कॅरोल न्यायचे असतील तर सेक्रेटरीला आधी भेटा, फोनवर नाही, समक्ष. दोन-तीन गाणी, तासाच्या आत, आठ-साडेआठपर्यंत आवरतं घ्या, परीक्षेची मुलं असतात, आजारी माणसं असतात. लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद हा नियम आहे, राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तुमच्या जिल्ह्याच्या यादीत नाताळ आहे का ते पोलीस स्टेशनला कळतं. पण घरोघरच्या कॅरोलला स्पीकर लागतोच कशाला, गिटार आणि डफ पुरतो. दारात गाऊन झालं की घरच्यांना शुभेच्छा द्यायच्या आणि निघायचं, पत्रिका मागितली तरच.

वॉट्सॲपवर रोज एक वचन फॉरवर्ड करणं बंद करा, कुणी वाचत नाही. त्यापेक्षा नाताळच्या दिवशी त्या-त्या माणसाला नाव घालून, मराठीत, दोन ओळी स्वतः लिहा.

आता एक गोष्ट जी विचारली नाहीत पण पुढे कधीतरी येईल. एखादा म्हणेल की मला येशूच्या मागे यायचंय. आनंद होणारच, पण घाई करू नका. नाताळच्या भरात, गाण्याच्या, लाइटच्या वातावरणात घेतलेला निर्णय जानेवारीत टिकतो का ते बघू द्या. पहिला प्रश्न विचारा, घरी सांगितलंय का? नवरा-बायकोला, आईवडिलांना? रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला, आणि त्या बातमीने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं ते त्यांनी स्वतः 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलंय, वाचताना आजही पोटात कालवतं. पुढे काही वर्षांनी त्या आपल्या मनाने, आपल्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, कुणी ओढलं नाही. मी येणाऱ्या प्रत्येकाला ते पुस्तक वाचायला देतो. वाचून, घरच्यांशी बोलून, कायदा समजून, पाळकसाहेबांबरोबर महिनोन्महिने शास्त्र शिकून मग काय ते ठरवावं. माणसाचं मन बदलणं हे आपलं काम नाही, ते पवित्र आत्म्याचं काम आहे, हे एकदा मनापासून मानलं की आपली घाईही जाते आणि भीतीही जाते.

आणि जानेवारी विसरू नका. ज्यांना नाताळला बोलावलं त्यांच्याकडे संक्रांतीला तुम्ही जायचंय, तिळगूळ घ्यायचाय, त्यांच्या घरातली गोष्ट ऐकायचीय. आपल्यातले काहीजण इथे अडतात, खावं की न खावं. तिळगूळ, दिवाळीचा फराळ यात मला काही अडचण दिसत नाही, आनंदाने खा. देवापुढचा नैवेद्य म्हणून दिलेलं तुमच्या विवेकाला चालत नसेल तर हात जोडून, हसून, नीट कारण सांगून नाही म्हणा, लोक समजून घेतात, तोंड वाकडं केलेलं मात्र विसरत नाहीत. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय यावर आहेत, घरच्यांनी मिळून वाचा आणि सगळ्यांचं एक ठरवा, म्हणजे शेजाऱ्याच्या दारात मुलांची पंचाईत होत नाही.

या वर्षासाठी एवढंच करा, आमंत्रणाचा मेसेज वर लिहिलाय तसा पाठवा, लूकचा दुसरा अध्याय पहिल्या वचनापासून विसाव्यापर्यंत तुमच्या घरातल्या सगळ्यात लहान वाचता येणाऱ्या मुलाला मोठ्याने वाचायला द्या, चार मिनिटं लागतात, त्याच्याकडून आठवडाभर आधी सराव करून घ्या, बेथलेहेम आणि क्विरिनिय या शब्दांना मुलं हमखास अडखळतात.